व्हर्लिन घरी पिस्तूल का लावायचा

आमच्या डोंगरात घराबाहेर पडताना कमरेला पिस्तूल लावणारे पुष्कळ आहेत. घरी आले की काढतात, फ्रीजवर ठेवतात आणि जेवायला बसतात. व्हर्लिन स्ट्राउडचं सगळंच उलटं. गावात यायचा, गुराढोरांच्या खाद्याच्या दुकानात तासभर गप्पा हाणायचा, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून डुलक्या काढायचा, तेव्हा कमर रिकामी. घरी पोचला, बूट काढले, की दाराजवळच्या खुंटीवरचा पिस्तुलाचा पट्टा उतरवून कमरेला बांधणार. बाकीचे पुरुष घरात सपाता घालतात, हा पिस्तूल घालायचा.

खाद्याच्या दुकानात सकाळी कॉफीला जमणाऱ्या म्हाताऱ्यांना यावरून चघळायला आयता विषय मिळाला होता. माझा नवरा बर्ल त्यांच्यातलाच, त्यामुळे तिथलं सगळं माझ्या कानावर यायचं.

"घरात कशाला रे लागतं तुला?" बर्ल विचारायचा. "ओलेटाला घाबरतोस होय?"

"तू नाही घाबरत तुझ्या बायकोला?"

"घाबरतो की! म्हणून तर घरात हाताशी काही ठेवत नाही. तीच उचलेल आधी."

मग हशा व्हायचा आणि हशा संपला की वाद. एक म्हणणार, पिस्तूल तिजोरीत ठेवलं तर तिचा नंबर आठवेपर्यंत चोर तुझी कॉफी पिऊन, कप विसळून जाईल. दुसरा म्हणणार, अरे, घरातही कंबर कसूनच बसायचं तर मग त्याला घर कशाला म्हणायचं? सगळ्यांचं बोलून झालं की व्हर्लिन टोपी उचलायचा आणि म्हणायचा, "बाहेर काही झालं तर मी तिथे असतोच. घरी झालं तेव्हा मी नव्हतो." काय झालं होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं आम्हाला वाटत होतं.

मी पार्लर चालवते. ओलेटा, म्हणजे व्हर्लिनची बायको, कित्येक वर्षं दर शुक्रवारी केस धुवून, रोलर लावून घ्यायला माझ्याकडे येते. माझ्याही टेबलाच्या खणात टॉवेलांखाली एक छोटं पिस्तूल पडलेलं असतं, तेव्हा हत्यारांवरून कोणाला शहाणपण शिकवायला मी जात नाही. पण व्हर्लिनचं ते घरातलं पट्टा बांधून बसणं मला खरं सांगू का, खटकायचं.

झालं होतं ते असं. व्हर्लिन वीज कंपनीत वायरमन. खांबावर चढणं म्हणजे त्याचा जीव की प्राण. वरून आख्खी दरी दिसते, म्हणायचा, आणि वर कोणी बडबड करायला येत नाही. एका जानेवारीत बर्फाचा पाऊस झाला, तारा बर्फ चढून मनगटाएवढ्या जाड होऊन तुटल्या, आणि कंपनीनं त्याला पलीकडच्या राज्यात पाठवलं. आठवड्याहून जास्त तो तिकडेच. परत आला तर मागच्या दाराची काच फुटलेली, ओलेटाचा हात प्लास्टरमध्ये, बापाच्या दोन्ही रायफली गायब, जनरेटर गायब, सासूची अंगठी गायब. ओलेटानं शेरीफच्या माणसाला सांगितलं होतं तेच त्याला सांगितलं. उंच माणूस होता, तोंडाला फडकं, अंगात हिरवं जॅकेट. काच फोडून आत आला, मी अडवायला गेले, त्यानं ढकललं.

व्हर्लिननं अजून हातमोजेसुद्धा काढले नव्हते. उभ्यानंच ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "मी लोकांच्या घरात दिवे लावत होतो."

हिरव्या जॅकेटवाला कधी सापडला नाही. व्हर्लिननं दुसऱ्या दिवसापासून घरात पट्टा बांधायला सुरुवात केली ती केलीच. वादळाच्या कामावर जायचं सोडलं. कंपनी म्हणाली, नाही जाणार तर खांबावरचं काम नाही, मग मीटरच्या गोदामात बस. बसला. रिटायर होईपर्यंत एवढा उंचावर रमणारा माणूस पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसला. त्याच्या आरामखुर्चीचा उजवा हात पिस्तुलाच्या मुठीनं घासून घासून आतला कापूस दिसायला लागला होता. दोन नाती झाल्या, टेसा आणि ब्रिन, तर त्या चालायला लागल्यापासून शिकल्या की आजोबांना मिठी मारायची ती डावीकडून. तो कधी त्यांच्याबरोबर जमिनीवर बसला नाही. सून म्हणाली, मुली असताना तेवढं काढून ठेवत जा हो. तो म्हणाला, मुली घरात असतानाच काढू? त्यानंतर हळूहळू त्यांचं येणं थँक्सगिव्हिंगवर आणि नाताळवर आलं.

शुक्रवारी खुर्चीत बसून ओलेटा हे सगळं सांगायची आणि मी तिला म्हणायची, "अगं, तू सांग ना त्याला, बस झालं म्हणून. तुझं ऐकेल." ती आरशात बघायची आणि म्हणायची, "पाणी जरा गरम आहे गं." पाणी कधीच गरम नसायचं.

मग त्याला विसरायला व्हायला लागलं. आधी किल्ल्या, त्या सगळेच विसरतात. मग कॉफीचा डबा ओव्हनमध्ये. मग आपल्या मुलाला, ट्रॉयला, तो आपल्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारायला लागला. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. पण पट्टा काही तो विसरला नाही. शर्टाची बटणं चुकवायचा, पट्ट्याचा आकडा कधी चुकवला नाही.

एप्रिलमध्ये ओलेटाला सर्दीनं धरलं होतं म्हणून आमचे नवे पास्टर, हॅस्केल, त्यांच्या बायकोनं केलेलं चिकन-नूडल्सचं भांडं घेऊन भर दुपारी त्यांच्याकडे गेले. पाऊस होता, म्हणून अंगात रेनकोट. हिरवा. बेल वाजवली. व्हर्लिननं दार उघडलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "आलास का परत?" आणि पिस्तूल बाहेर.

पास्टरांच्या हातात ओव्हनमधून काढलेलं गरम भांडं. हात वर करावेत तर भांडं, भांडं सोडावं तर पायावर. तसेच उभे. ओलेटा आतून शिंकत धावत आली आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो ओली. हाच तो."

"नाही रे, हा तो नाही. हे पास्टर आहेत आपले."

"हिरवं जॅकेट आहे. तूच सांगितलंस हिरवं जॅकेट."

तिनं त्याचं मनगट धरून हळूहळू खाली केलं. त्यानंही करू दिलं. पास्टरांनी भांडं पायरीवर ठेवलं आणि गाडीत जाऊन बराच वेळ नुसते बसून राहिले. माणूस मोठ्या मनाचा. शेरीफकडे गेले नाहीत. वर बर्लला म्हणाले, "माझ्या प्रवचनाकडेसुद्धा इतकं टक लावून कोणी बघत नाही हो."

आता पिस्तूल काढून घ्यायचं हे सगळ्यांनाच पटलं. कसं, एवढाच प्रश्न. ट्रॉय म्हणाला, अंघोळीला गेले की उचलतो. बर्लला हत्यारांची दुरुस्ती येते. तो म्हणाला, उचलू नका, घर डोक्यावर घेईल. माझ्याकडे द्या, आतली पिन काढून देतो. पट्टा कमरेला राहील, गोळी सुटायची नाही आणि त्याला कळायचंही नाही. मला ही युक्ती फार आवडली. शुक्रवारी ओलेटाचं डोकं बेसिनमध्ये टेकवून मी शाम्पू चोळत तेच सांगत होते.

तिचे डोळे छताकडे होते. म्हणाली, "नेड्रा, हिरवं जॅकेट नव्हतं."

"मग? निळं होतं?"

"माणूसच नव्हता."

मी नळ बंद केला.

"रॉन्डल होता," ती म्हणाली.

रॉन्डल म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आई आजारी असायची म्हणून हिनंच त्याला वाढवलेला. पुढे नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला आणि वाया गेला, हे गावाला ठाऊक होतं. त्या बर्फात तो कुडकुडत आला, आणि ओलेटानं स्वतः दार उघडलं. हॅम गरम करून दिलं, अंडी करून दिली. खाऊन झाल्यावर तो रायफली काढायला लागला. हिनं बाही धरली, त्यानं झटकलं, ती सिंकच्या कडेवर आपटली आणि हात मोडला. तो गेल्यावर दुसऱ्या हातानं तव्यानं मागच्या दाराची काच हिनंच फोडली. शेरीफच्या माणसानं विचारलं, कपडे कसले होते? समोर खुंटीवर व्हर्लिनचाच जुना हिरवा कोट होता. तोच हिच्या तोंडून गेला.

"व्हर्लिनला खरं सांगितलं असतं तर त्यानं रॉन्डलला जिवंत ठेवला नसता गं. मग दोघेही गेले असते माझे. म्हटलं, महिनाभर बांधेल पट्टा आणि कंटाळेल. तो बांधतच राहिला. एक वर्ष झालं, दुसरं झालं. मग कुठल्या तोंडानं सांगू? गोदामात बसायला लागला तेव्हा सांगणार होते. टेसा झाली तेव्हा सांगणार होते. रॉन्डल मेला तेव्हा तर ठरवलंच होतं. पण व्हर्लिन त्याच्या शवपेटीला खांदा देऊन आला आणि म्हणाला, पोरगा मनानं वाईट नव्हता. मग माझी जीभच उचलली नाही."

तिच्या कानात फेस जात होता आणि मी हात तसेच धरून उभी. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. ती घासलेली खुर्ची, त्या डावीकडून मिठ्या मारणाऱ्या पोरी, तो खोक्यांत बसलेला वायरमन, सगळं डोळ्यांपुढून गेलं. एका वाक्यात सुटलं असतं सगळं. आणि मी दर शुक्रवारी हिच्या केसांना रोलर लावत होते.

"बरं," मी म्हटलं, "आता ते राहू दे. बर्लकडे दे पिस्तूल, पिन काढेल तो."

"म्हणजे अजून एक खोटं. नाही. मी त्याला सांगणार आहे. तो माणूस नव्हताच हे कळलं की तो आपणहून काढेल."

"इतकी वर्षं गप्प बसलीस, आणि आता त्याचं डोकं ठिकाणावर नसताना सांगणार? कोणाच्या भल्यासाठी गं?"

"त्याच्या," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि माझ्याही असेल. असू दे. परवा तो पास्टर मेला असता नेड्रा. मी बनवलेल्या माणसापायी मेला असता."

मी पाणी सोडलं.

शनिवारी सकाळी तिनं सांगितलं. सकाळचा त्याचा मेंदू बरा चालायचा. न्याहारीची मऊ, जाड बिस्किटं भाजली, वर ओतायला ग्रेव्ही केली, त्याच्यासमोर बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलली.

"रॉन्डल?" तो म्हणाला.

"हो."

"आपला रॉन्डल?"

"हो."

"मी त्याला खांदा दिला."

"दिलास."

तो मग उभा राहिला, पट्ट्याचा आकडा सोडला आणि पट्टा पिस्तुलासकट ग्रेव्हीच्या वाडग्याशेजारी ठेवला. "मी खांबावर चढायचं सोडलं," तो म्हणाला. ती म्हणाली, हो. "मुलींबरोबर खाली बसलो नाही." ती म्हणाली, हो. तो ओरडला असता, ताट फेकलं असतं तर बरं झालं असतं, असं ती मला नंतर म्हणाली. तो ओरडला नाही. दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "मारलं असतं का मी त्याला, हे एकदा मला विचारायचंस तरी." मग ओसरीवर जाऊन बसला तो जेवायलाही आत आला नाही. ट्रॉयनं येऊन पट्ट्यासकट पिस्तूल नेलं.

तिला वाटलं, संपलं. वाईट झालं, पण संपलं.

रविवारी सकाळी ती चर्चचे कपडे इस्त्री करत होती आणि तो खुंटीसमोर उभा होता. हात कमरेवर चाचपत होता. "ओली, माझा पट्टा कुठाय? तो परत आला म्हणजे?"

सगळं पुसलं गेलं होतं. तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि परत सांगितलं. परत तेच, "आपला रॉन्डल?" परत तोच चेहरा. जो घाव तिनं इतकी वर्षं टाळला तो आता रोज सकाळी नव्यानं घालायचा, असं होऊन बसलं. सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं. त्याला दुपारपर्यंत शब्द आठवायचे नाहीत, पण काहीतरी वाईट झालंय एवढं कुठेतरी राहायचं. जेवायचा नाही. ओलेटा शेजारी बसली की उठून दुसरीकडे जायचा, आणि का उठलो ते त्यालाच कळायचं नाही. घरी येणारी नर्स तिला म्हणाली, "बाई, तुम्ही कोणाला शिक्षा करताय? त्यांना की स्वतःला?" ट्रॉय म्हणाला, आई, सांग ना सरळ, दुरुस्तीला दिलंय म्हणून. मी फोनवर तेच सांगितलं, जरा जोरातच सांगितलं. ती कोणाचं ऐकेना. एकदा खोटं बोलून काय झालं ते बघितलंय, म्हणायची.

पुढच्या शुक्रवारी ती पार्लरमध्ये आली तेव्हा बाहेर दोन बायका थांबल्या होत्या. मी त्यांना मासिकं दिली आणि हिला आत घेतलं. बेसिनवर डोकं ठेवायला ती तयार होईना. नुसती खुर्चीत बसली, पर्स मांडीवर.

"काल मी खोटं बोलले," म्हणाली.

"देवा, सुटलीस! काय सांगितलंस? दुरुस्तीला दिलंय?"

"नाही. तेच सांगणार होते रोजचं. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. म्हटलं, पट्टा नको आता व्हर्लिन. त्याला पकडलं."

"कोणाला?"

"तोही असंच म्हणाला, कोणाला? म्हटलं, त्या हिरव्या जॅकेटवाल्याला. म्हणाला, कुणी पकडलं? मी म्हटलं, तू."

मी दुसरी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. एरवी कामाच्या वेळात मी बसत नाही.

"म्हणाला, मी? म्हटलं, तूच. इथे स्वैपाकघरात. हात मागे बांधून शेरीफच्या ताब्यात दिलास. तो माझ्याकडे बघतच राहिला गं. मग म्हणाला, म्हणजे मी घरी होतो?" ओलेटानं पर्सचा चाप उघडला आणि मिटला. "म्हटलं, हो. घरीच होतास."

"मग?"

"मग बसला. चार बिस्किटं खाल्ली. ग्रेव्ही मागून घेतली. किती दिवसांनी माझ्या हातावर हात ठेवला. आज सकाळी परत खुंटीपाशी उभा होता, मी परत तेच सांगितलं, परत तेच, म्हणजे मी घरी होतो? असं तोंड होतं त्याचं, टेसाएवढं झालं होतं."

"अगं, मग चांगलंच झालं की! रोज सांग. रडतेस कशाला?"

"आज एक जास्तीचं विचारलं त्यानं. ताट पुसता पुसता म्हणाला, मी जर त्याला पकडला होता, तर मग इतकी वर्षं घरात पिस्तूल कशाला लावत होतो?"

"काय म्हणालीस?"

"मी नुसतं त्याच्या हातातलं ताट घेतलं. त्यानंच सांगितलं. म्हणाला, तुला भीती वाटत असणार ओली, म्हणून लावत असेन." ती आरशात माझ्याकडे बघत होती, स्वतःकडे नाही. "मला भीती कधीच वाटली नाही, नेड्रा. एक दिवस नाही. कोणाची वाटणार? कोणी नव्हतंच ना."

बाहेरच्या बायकांपैकी एकीनं विचारलं, अजून किती वेळ लागेल. मी म्हटलं, लागेल.